नागपूरहून चिखलदरा, कमी खर्चात: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

चिखलदऱ्याचा बेत नागपुरात बहुतेक वेळा पानठेल्यावर ठरतो. जुलैतला शुक्रवार असतो, "उद्या निघू ना बे" एवढीच तयारी असते आणि शनिवारी सकाळी सातला निघायची गाडी दहाला निघते. दोनला परतवाड्यात जेवण, चारला घाटातली रांग, सहाला धुक्यात खोलीची शोधाशोध. मिळेल ती खोली, सांगतील तो भाव. सोमवारी हीच मंडळी सांगत फिरतात की चिखलदरा महाग झालं.

महाग चिखलदरा नाही, तो शनिवार आहे. बाकीचा खर्च वाढतो तो कामं उलट्या क्रमानं केल्यामुळे. ज्यांना रिसॉर्ट नको, साधी स्वच्छ खोली, बेसन-भाकर आणि पायी भटकंती चालते, अशा दोन-चार जणांनी दोन रात्रींसाठी काय कशानंतर करायचं ते पुढे दिलं आहे.

## १. आधी वार ठरवा, महिना मग

तीच खोली मंगळवारी एका भावाला मिळते आणि पावसाळ्यातल्या शनिवारी दुसऱ्याच. हा फरक इतका असतो की बाकी कुठेही काटकसर करून तो भरून निघत नाही. म्हणून पहिली गोष्ट, शनिवारची रात्र टाळा.

सुट्टी दोनच दिवस मिळत असेल तर गुरुवार-शुक्रवार घ्या. गुरुवारी पहाटे निघा, दोन रात्री राहा, शनिवारी सकाळी लोक घाट चढत असताना तुम्ही उतरा. रविवार घरी कपडे वाळवायला मिळतो. तीन दिवस मिळाले तर सोमवार ते बुधवार त्याहून चांगले. १५ ऑगस्टला जोडून आलेली सुट्टी, पोळ्याची कर आणि ३१ डिसेंबर हे दिवस या हिशेबात धरूच नका.

आता महिना. जुलै ते सप्टेंबर धुकं आणि धबधबे असतात. पण धुकं म्हणजे पॉइंटवर उभं राहून समोर पांढरा पडदा, कधी दिवसभर. दऱ्या पाहायच्या असतील तर हा काळ भरवशाचा नाही. शिवाय मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातली सफारी सर्वसाधारणपणे या महिन्यांत बंद असते.

माझं मत विचाराल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर, दिवाळीचा आठवडा सोडून. रान हिरवं असतं, हवा स्वच्छ असते, धबधब्यांना थोडं पाणी उरलेलं असतं आणि गर्दी ओसरलेली असते. डिसेंबर-जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी पडते. खोलीतलं एक ब्लँकेट पुरत नाही.

होळीच्या आठवड्यात जायचं असेल तर जरा विचार करा. इथल्या कोरकू आदिवासींचा तो सर्वात मोठा सण. बाहेरगावी कामाला गेलेली माणसं घरी परततात, त्यामुळे परतवाड्यापासून वरच्या आणि धारणीकडच्या गाड्या भरून वाहतात. रस्त्यात मुलंबाळं फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागायला गाडी अडवतात. सुटे पैसे ठेवा आणि चिडू नका.

मे महिन्यात नागपूर ४५ अंशांवर असतं, म्हणून लोक चिखलदऱ्याकडे धावतात. हे गाव साधारण ११०० मीटर उंचीवर आहे. रात्र सुखाची जाते, पण दुपार तापतेच. आणि उन्हाळ्यात वर पाण्याची टंचाई असते. स्वस्त खोलीत बादलीभर पाण्यावर भागवायची तयारी असेल तरच जा.

तपासा: वार पक्का झाल्याशिवाय खोलीसाठी फोन करू नका. "या नाहीतर पुढच्या आठवड्यात येऊ" म्हणणाऱ्याला खरा भाव कोणी सांगत नाही.

## २. मुक्काम: स्वस्त खोली आणि स्वस्तात पडणारी खोली

इथे बहुतेकांचं चुकतं. खोलीचं भाडं पाहतात, तिची जागा पाहत नाहीत. गावाबाहेर चार किलोमीटरवर दोनशे रुपयांनी स्वस्त खोली मिळते. मग जेवायला गाडी, चहाला गाडी, संध्याकाळी परत यायला गाडी. वाचवलेले दोनशे पहिल्याच दिवशी जातात. स्वतःचं वाहन नसेल तर एसटी स्थानक आणि बाजारापासून दहा-पंधरा मिनिटं पायी, एवढ्याच टापूत खोली पाहा.

पर्याय ढोबळमानानं तीन आहेत. गावातली खासगी लॉज आणि घरगुती खोल्या, एमटीडीसीचं निवास, आणि जंगलात सेमाडोह-कोलकासला वन विभागाची निवासं. सेमाडोह आणि कोलकास परतवाडा-धारणी रस्त्यावर आहेत, चिखलदरा गावात नाहीत. दोन्ही ठिकाणं एकच समजून आरक्षण करणारे आणि मग संध्याकाळी चिखलदऱ्यात उतरून "सेमाडोह किती लांब" विचारणारे कमी नाहीत. रान हवं, सिपना नदी हवी, रात्री शांतता हवी तर सेमाडोह-कोलकास. पॉइंट आणि किल्ला हवा तर गाव. दोन रात्रींत दोन्ही करायचं म्हटलं तर वाहनाशिवाय ओढाताण होते.

वन विभागाचं निवास व्याघ्र प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच आरक्षित करा. तिथे पोहोचायच्या वेळा पाळाव्या लागतात, जेवण आधी सांगावं लागतं, आणि दारू चालत नाही. यातली एकही अट जड वाटत असेल तर गावातच राहा.

खासगी खोलीसाठी फोन कराल तेव्हा भाव सर्वात शेवटी विचारा. आधी हे विचारून घ्या:

- खोली बसस्थानकापासून पायी किती मिनिटं? किलोमीटरमध्ये उत्तर आलं तर मिनिटं पुन्हा विचारा.
- गरम पाणी किती ते किती वाजेपर्यंत? गिझर की बंब?
- वीज गेली तर काय? पावसाळ्यात ती जाते.
- भाव खोलीचा की माणशी? जास्तीच्या गादीचे किती?
- जेवण तिथेच मिळतं का, आणि किती वाजेपर्यंत सांगायला लागतं?

मग भाव. आणि दोन रात्रींचा एकत्र भाव मागा. आठवड्याच्या मधल्या दिवसांत बहुतेक जण कमी करतात.

सावध: इंटरनेटवर दिसलेल्या नंबरवर पूर्ण रक्कम आगाऊ पाठवू नका. एका रात्रीच्या भाड्यातला थोडा भाग द्या, आणि त्याआधी खोलीचा व नावाच्या पाटीचा आत्ताचा फोटो मागा. खरा मालक दोन मिनिटांत पाठवतो. भामटा जुन्या जाहिरातीतलाच फोटो परत पाठवतो.

## ३. प्रवास: परतीच्या गाडीपासून सुरुवात करा

नागपूर ते अमरावती साधारण १५५ किलोमीटर, अमरावती ते परतवाडा सुमारे ५०, तिथून वर चिखलदरा तीसेक. एका बाजूनं अंतर होतं २३५ किलोमीटरच्या आसपास. यातला पहिला भाग सोपा आहे. नागपूरच्या गणेशपेठ बसस्थानकाहून अमरावतीला गाड्यांची ददात नाही. अडचण शेवटच्या तीस किलोमीटरची आहे, आणि लोक वेळ घालवतात पहिल्या दीडशेच्या चर्चेत.

म्हणून उलटं चाला. चिखलदऱ्याहून खाली येणाऱ्या गाड्यांच्या वेळा आधी काढा. मग परतवाड्याहून वर जाणारी शेवटची गाडी किती वाजता, ते विचारा. ही दोन उत्तरं कागदावर लिहिली की नागपूरहून किती वाजता निघायचं ते आपोआप ठरतं. वेळा बदलतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी अमरावती किंवा परतवाडा आगाराच्या चौकशीला फोन करून खात्री करा.

एसटीनं. पहाटेची अमरावती गाडी धरा. अमरावतीच्या मध्यवर्ती स्थानकावर थेट चिखलदरा गाडी लागली असेल तर उत्तम. नसेल तर तिची वाट पाहत बसू नका, परतवाडा गाडीत बसा. परतवाड्याला वर जाण्याची संधी जास्त असते. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि ७५ च्या पुढे मोफत. ज्येष्ठांनी आधार कार्ड वरच्या खिशात ठेवावं, बॅगेच्या तळाशी नाही. चौघांत दोन बायका आणि एक ज्येष्ठ असतील तर एसटीपुढे कोणताच पर्याय टिकत नाही. चार दिवसांचा "आवडेल तेथे प्रवास" पास मात्र एवढ्याशा सहलीसाठी घेऊ नका, वसूल होत नाही.

रेल्वेनं. हावडा-मुंबई मार्गावरच्या बऱ्याच गाड्या नागपूरहून बडनेऱ्याला जातात. बडनेरा ते अमरावती स्थानक दहा किलोमीटर, ऑटो मिळतो. अजनी-अमरावती इंटरसिटी नाव ऐकून भुलू नका. ती इकडून संध्याकाळी सुटते. नागपुरात दिवसभर काम करून घरी जाणाऱ्या अमरावतीकरांची ती गाडी आहे, आपल्या कामाची नाही.

स्वतःच्या वाहनानं. स्थानिक फिरणं धरून ५२० किलोमीटर धरा. लिटरला १५ देणाऱ्या कारला पस्तीस लिटर पेट्रोल, ४५ देणाऱ्या मोटारसायकलला बारा. त्याला आजच्या भावानं गुणा. कारला टोल आहे, दुचाकीला राष्ट्रीय महामार्गावर नाही. कारमध्ये चौघं असतील तरच ती एसटीच्या जवळपास येते. दोघांसाठी कार नेणं म्हणजे खोलीचं भाडं रस्त्यावर सांडणं.

तपासा: परतवाड्याला दुपारी दोनच्या आत पोहोचता का? नसाल तर नागपूरची वेळ अलीकडे आणा. अंधार पडल्यावर तो घाट चढायचा नाही, दुचाकीवर तर नाहीच.

## ४. हिशेब पाकिटं करून

एकूण रक्कम ठरवून "बघू किती लागतात" म्हणणारा सहसा जास्त खर्च करतो. चार पाकिटं करा: प्रवास, खोली, जेवण, आणि शुल्क-किरकोळ. शेवटचं पाकीट लोक विसरतात. गावात शिरताना नाक्यावर पावती असते, किल्ल्याला आणि काही ठिकाणी प्रवेश शुल्क असतं, वाहनतळ असतो. एकेक रक्कम छोटी, पण चौघांची बेरीज जेवणाएवढी होते.

जीपवाले "सगळे पॉइंट" असा एकत्र भाव सांगतात. यातली बरीच ठिकाणं गावापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत आहेत आणि पायी होतात. जीप करायचीच तर फक्त लांबच्या ठिकाणांसाठी, तीही दुसऱ्या कुटुंबाबरोबर वाटून.

रोकड न्या. वर नेटवर्क येतं-जातं आणि चहाच्या टपरीवर क्यूआर कोड असला तरी पैसे जातीलच असं नाही. एटीएमच्या भरवशावर राहू नका; पैसे अमरावतीत काढा आणि शंभर-पन्नासच्या नोटा करून घ्या.

## ५. सामान

कमी न्या, पण या गोष्टी सोडू नका. पावसाळ्यात वर कपडे वाळत नाहीत, म्हणून एक पूर्ण जोड प्लास्टिकच्या जाड पिशवीत बांधून वेगळा ठेवा आणि तो दिवसा घालायचा नाही. पायताण दोन: एक पकडीचा बूट, एक चप्पल. छत्री वाऱ्यात उलटते, रेनकोट बरा. विजेरी, शिट्टी, मच्छरांचं मलम, ओआरएसची पाकिटं, रोजची औषधं एक दिवस जास्तीची. घाटात ज्याला मळमळतं त्याची गोळी परतवाड्यात चढण्याआधी घ्यायची असते, वांती झाल्यावर नाही.

पहिल्या दिवसाचं जेवण घरून. दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या, कोरडा ठेचा. हे टिकतं, सांडत नाही आणि परतवाड्यातलं जेवणाचं बिल वाचवतं. अमरावतीत गिला वडा खायला थांबलात तर मी अडवणार नाही, पण गाडीची वेळ पाहून.

खर्रा (तंबाखू-सुपारी) खाणाऱ्यांना एक विनंती. त्याच्या प्लास्टिक पन्नीचे तुकडे प्रत्येक पॉइंटच्या कठड्याखाली पडलेले असतात. रिकामा डबा न्या आणि पन्नी त्यात टाका. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत प्लास्टिक टाकण्यावर आणि धूम्रपानावर बंदी आहे.

## ६. निघण्याचा दिवस आणि घाट

पाचला निघायचं म्हणजे पाचला गाडी हलली पाहिजे. रात्रीच सामान दाराशी ठेवा. स्वतःचं वाहन असेल तर आधीच्या दोन दिवसांत ब्रेक, टायरमधली हवा आणि वायपर पाहून घ्या.

रस्ता असा: नागपूर, कोंढाळी, तळेगाव, तिवसा, अमरावती, मग वलगाव, आसेगाव, परतवाडा. टाकी परतवाड्यातच भरा. घरी फोन करून पोहोचायची अंदाजे वेळ सांगा, कारण घाटात फोन लागत नाही. पुढे दोन वाटा आहेत, एक धामणगाव गढीवरून, दुसरी घटांगवरून. गर्दीच्या दिवशी वाहतूक एकेरी करतात. पोलीस सांगतील ती वाट घ्या, नकाशा दाखवतो म्हणून वाद घालू नका.

घाटातल्या चुका ठरलेल्या आहेत. धुक्यात लोक मोठा दिवा लावतात. तो धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो, लहान ठेवा. वळणावर गाडी थांबवून फोटो काढतात. मागून येणाऱ्या एसटीला ती दिसत नाही. आणि पेट्रोल वाचावं म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करतात, मग ब्रेक तापतात. ज्या गिअरमध्ये चढलात त्यातच उतरा.

सावध: माकडांना काही देऊ नका आणि त्यांच्यासमोर पिशवी उघडू नका. एकाला दिलं की दहा येतात.

## ७. वर गेल्यावर दोन दिवसांची मांडणी

पहिल्या दिवशी दुपारी पोहोचाल. खोलीत सामान टाका, नळ आणि गिझर तपासा, रात्रीचं जेवण सांगून ठेवा आणि लगेच बाहेर पडा. सूर्य असेपर्यंत देवी पॉइंट, तलावाकडची बाजू आणि गावातला बाजार पायी होतो. परत येताना बसस्थानकावर जाऊन परतीच्या गाडीची वेळ समोरासमोर पक्की करा.

दुसरा दिवस गाविलगडाचा. सकाळी सातच्या आसपास निघा. किल्ला अवाढव्य आहे, दोन दरवाजे पाहून परतलात तर काहीच पाहिलं नाही. तीन-चार तास हाताशी हवेत. आत चहापाण्याची सोय धरू नका. माणशी दोन लिटर पाणी आणि खायला न्या. नाक्यावर नोंद आणि पावती करूनच आत जा. हा परिसर अस्वलांचा आणि बिबट्यांचा आहे, त्यामुळे एकट्यानं पडक्या इमारतीत शिरू नका, बोलत चला, उंच गवतातली पायवाट दिसली म्हणून तिकडे वळू नका. पावसाळ्यात बुरुजांचे दगड शेवाळलेले असतात आणि गवताखाली कडा कुठे संपतो ते कळत नाही.

दुपारी जेवण आणि विश्रांती. मग भीमकुंड. पावसाळ्यात धबधबा कठड्यामागूनच पाहायचा. खाली उतरायची वाट विचारू नका. पंचबोल आणि प्रॉस्पेक्ट पॉइंट त्यामानानं लांब पडतात. वाहन नसेल तर दोन्हींतलं एकच निवडा. धुकं असेल तर पॉइंटची यादी सोडून द्या आणि गावाच्या कडेच्या डांबरी रस्त्यानं पायी चाला. धुक्यात प्रत्येक पॉइंट सारखाच दिसतो, त्यासाठी जीपचे पैसे कशाला?

आजूबाजूच्या कोरकू गावांत गेलात तर घरांचे, बायकांचे, मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. मुलांना चॉकलेटं वाटत फिरू नका. काही घ्यायचं असेल तर विकत घ्या. मोसमात मोथा गावाकडची स्ट्रॉबेरी रस्त्यावरच मिळते.

जेवणात मोठ्या पाटीचं हॉटेल टाळा. भाकर, बेसन, वांग्याची भाजी असं सांगितलं की घरगुती खाणावळीत दोन तासांत होतं. पनीर मागाल तर ते परतवाड्याहून आलेलं असणार, दामही तसाच.

तपासा: अंधार पडण्याआधी सगळे खोलीजवळ आहेत का? कोणाला बरं नसेल तर गावात ग्रामीण रुग्णालय आहे, पुढची सोय अचलपूर आणि अमरावतीला. रुग्णवाहिकेचा १०८ सगळ्यांच्या लक्षात असू द्या, पण नेटवर्क नसेल तर लॉजवाल्यालाच आधी उठवा.

## ८. उतरताना

शेवटच्या रात्रीच हिशेब चुकता करा. सकाळी मालक झोपलेला असतो, तुमची गाडी नसते. शक्य तर पहिली किंवा दुसरी गाडी धरा. अमरावतीला दुपारच्या आत पोहोचलात की पुढे नागपूरची घाई उरत नाही.

रबडी-खवा घ्यायचा असेल तर निघायच्या सकाळीच घ्या, आदल्या संध्याकाळी नाही. नागपूरपर्यंत सहा-सात तास जातात. थंडीत खवा नीट येतो, पावसाळ्यात-उन्हाळ्यात रबडी तिथेच खाऊन घ्या. मध घेताना बाटलीवर लेबल आणि तारीख पाहा. पॉइंटवर डब्यात विकणाऱ्याकडून घेतलेला मध पुष्कळदा गुळाच्या पाकाचा निघतो, आणि तो परत करायला कोणी २३५ किलोमीटर जात नाही.